म्हाताऱ्या घोड्याची वैरण

पहाटे पाचच्या सुमारास आमच्या वाडीला जाग येते ती कोंबड्याच्या आरवण्याने नव्हे, तर तबेल्यातील टापेच्या आवाजाने. सोन्या आपला पुढचा पाय लाकडी फळीवर आपटतो. एकदा, दोनदा आणि थोडे थांबून तिसऱ्यांदा. त्याचा अर्थ घरातील लहानथोर सर्वांना ठाऊक आहे: तोबरा आणा. त्या आवाजासरशी ओसरीवर मुटकुळी करून पडलेला मोती उठतो, आळस देतो आणि तबेल्याच्या दाराशी जाऊन बसतो. काळी कुत्री आणि तिचे पोर विहिरीच्या कठड्यापर्यंत धावत जाऊन परत येतात. राणी, आमची तरुण घोडी, मान बाहेर काढून फुरफुरते. चर्चची पहिली घंटा होण्याआधी या पाच जीवांची आन्हिके उरकावी लागतात, त्यानंतर आमची.

वसईच्या किनारपट्टीवरील केळी-नारळाच्या एका लहानशा वाडीत आम्ही राहतो. आमचे आजोबा वसई रोड स्थानकापासून गावापर्यंत टांगा हाकीत. रिक्षा आल्या, टांगे मोडीत निघाले. परंतु आमच्या घरातील घोडा काही गेला नाही. लग्नाच्या वरातीला घोडी द्यावी, वाडीतील केळीचे घड हातगाडीऐवजी घोडागाडीतून रस्त्यापर्यंत न्यावेत, मुलांनी समुद्राकाठच्या वाळूत एखादी रपेट मारावी, एवढाच काय तो उरलेला उपयोग. कुत्र्यांचे म्हणाल तर त्यांना कोणी आणले नाही. ती रस्त्यावरून आली आणि राहिली.

ज्यांनी घोडा पाळला नाही, त्यांना त्याचा व्याप कळणे कठीण. एवढे धिप्पाड जनावर, पण पोट शरीराच्या मानाने लहान. म्हणून त्याला एकदम भरपूर घालून चालत नाही, थोडे थोडे अनेकदा घालावे लागते. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते. घोड्याला ओकारी काढता येत नाही. त्यामुळे बुरसटलेला दाणा पोटात गेला तर पोटशूळ उठून तो जिवाला मुकू शकतो. म्हणून चंदीचा प्रत्येक शेर निवडावा लागतो. सकाळ-संध्याकाळ लीद काढणे, खरारा करणे, खुरांत रुतलेले खडे आकडीने काढणे, दीड-दोन महिन्यांनी नालबंदाला बोलावणे, हे सर्व आलेच. आणि यातले काहीही रविवार आहे, नाताळ आहे किंवा घरात ताप आहे म्हणून चुकवता येत नाही.

सोन्या २००४ साली चार वर्षांचा असताना आमच्याकडे आला. आज त्याने पंचविशी गाठली आहे, म्हणजे घोड्याच्या हिशेबाने तो पिकले पान आहे. दाढा झिजल्या आहेत. गवत चावता चावता त्याचे ओले गोळे तोंडातून खाली पडतात. त्याला बारीक कुट्टी पाण्यात भिजवून आणि कोंडा मऊ करून द्यावा लागतो. गेल्या तीन वर्षांत त्याने एकही गाडी ओढलेली नाही.

मागील पावसाळ्याच्या तोंडाशी घोड्यांचा एक दलाल राणीला मागणी घालण्यास आला होता. राणी विकायची नाही असे कळल्यावर त्याने सोन्याचा ओठ वर करून दात पाहिले आणि हसून विचारले, “हा खातो किती आणि देतो काय?” मग स्वतःच म्हणाला, “द्या मला. चार पैसे देतो. पुढे कुठे जाईल ते मात्र विचारू नका.”

आम्ही त्याला चहा देऊन वाटेला लावले. पण त्याचा प्रश्न काही त्याच्याबरोबर गेला नाही. काही देत नसलेल्या जिवाचे आपण काय देणे लागतो? हा केवळ घोड्याचा प्रश्न नव्हे, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आले असेलच. पण घोड्यापासून सुरुवात करू.

सुरुवात करताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हाच प्रश्न आमच्यासमोर पूर्वीही एकदा आला होता आणि त्या वेळी आम्ही वेगळे उत्तर दिले होते. आजोबांच्या टांग्याला शेवटची जी घोडी होती तिचे नाव बिजली. आजोबा रविवारी टांगा जोडीत नसत. मिस्सेला ते पायी जात आणि कोणी विचारले तर म्हणत, “तिचापण रविवार आहे.” आजोबा गेले, टांगा पडवीत धूळ खात पडला आणि १९९८ साली घराचे छप्पर नव्याने शाकारण्याची वेळ आली तेव्हा आम्ही बिजलीला विकले. कोण घेतो, कशासाठी घेतो, हे आम्ही विचारले नाही. खरे सांगायचे तर, विचारले असते तर जे उत्तर मिळाले असते ते ऐकायची आमची तयारी नव्हती. टेम्पोत चढताना तिने एकदा मागे वळून खिंकाळी फोडली. त्या काळी आमच्याकडे वाघ्या नावाचा कुत्रा होता. तो कितीतरी दिवस रिकाम्या गव्हाणीपुढे झोपत असे. त्याला हाकलले तर उठे आणि पाठ फिरताच पुन्हा तेथेच जाई.

पुढे नवे छप्पर झाले. घराला आशीर्वाद देण्यास फादर आले. ओसरीवर गप्पा चालल्या असता वडिलांनी हा विषय काढला आणि विचारले, “फादर, जनावर विकणे हे काही पाप नाही ना?” फादरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “विकणे पाप नाही. पण तुम्ही ती कुठे चालली हे का विचारले नाहीत, ते स्वतःला विचारून पाहा.” वडील गप्प झाले. त्या घरात आम्ही आजही राहतो. छप्पर गळत नाही.

परमेश्वराने मानवाला पशुपक्ष्यांवर सत्ता दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. हे वचन आपण सहज पुढे करतो. मात्र त्याच अध्यायात हिरवा पाला मानवाप्रमाणे पशूंनाही अन्न म्हणून दिल्याचे लिहिले आहे, ते आपल्या लक्षात राहत नाही. सत्ता दिली ती मशागत करण्याची व राखण करण्याची. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात नेमका हाच खुलासा केला आहे. सृष्टीतील इतर जीव हे केवळ मानवाच्या उपयोगाचे साधन नसून देवाच्या दृष्टीने त्यांना स्वतःचे मोल आहे, असे ते सांगतात.

शास्त्राची पाने चाळली की या राखणीचे तपशील जागोजागी आढळतात. शब्बाथाची विश्रांती घरातील गुराढोरांनाही लागू आहे. आजोबांनी ती आज्ञा अक्षरशः पाळली होती. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, असे अनुवाद सांगते. शत्रूचे गाढव ओझ्याखाली पडले असेल तर त्याला उठवायला मदत केली पाहिजे, असे निर्गमात आहे. तेथे मालक कोण, हा प्रश्न गाढवाच्या पाठीवरील ओझ्यापुढे गौण ठरतो. बलामाच्या गाढवीची कथा तर आपण मुलांना हसत हसत सांगतो. पण त्या गाढवीने तोंड उघडल्यावर काय म्हटले याचा विचार करावा. तिने चमत्काराची भाषा केली नाही. इतकी वर्षे तू माझ्या पाठीवर बसलास, मी कधी तुला दगा दिला का, एवढेच तिने विचारले. सेवेचा हिशेब तिने मांडला आणि बलामाला त्यावर ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागले.

ख्रिस्ती नसलेल्या विचारवंतांनाही या प्रश्नाने छळले आहे. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने रोमच्या थोरल्या कॅटोचे चरित्र लिहिले. कॅटो काटकसरीबद्दल प्रसिद्ध. म्हातारे झालेले गुलाम तो विकून टाकी. स्पेनच्या मोहिमेत ज्या घोड्यावर तो स्वार होई, तो घोडा परत आणण्याचा खर्च सरकारवर पडू नये म्हणून त्याने तेथेच सोडला. प्लुटार्कला ही काटकसर रुचत नाही. जिवंत प्राण्यांना जोड्याप्रमाणे किंवा भांड्याप्रमाणे वापरून टाकून देऊ नये, असा त्याचा आग्रह आहे. न्याय माणसांपुरता असतो, पण दया त्याहून दूरवर पोहोचते, असे तो मानतो. अथेन्सवासीयांनी आपले महामंदिर उभारताना राबलेल्या खेचरांना मोकळे सोडून दिले व त्यांतील एकाचे पोट सरकारी खर्चाने भरले, हेही तो मुद्दाम नमूद करतो. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, कॅटोच्या हिशेबात म्हातारा गुलाम आणि म्हातारा घोडा शेजारी शेजारी आहेत. ज्याला घोड्याबद्दल दलालाचा प्रश्न पडतो, त्याला तो माणसाबद्दल पडायला फारसा वेळ लागत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धोका ओळखला होता. पशूंशी क्रूरपणे वागणारा मनुष्य पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो, असे त्यांनी लिहिले. अठराव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी म्हाताऱ्या कुत्र्याचे उदाहरण दिले. ज्याने निष्ठेने सेवा केली त्या कुत्र्याला तो निकामी झाल्यावरही मरेपर्यंत सांभाळावे, असे ते म्हणतात. परंतु हे कर्तव्य खरे पाहता मानवजातीविषयीचे आहे, कुत्रा हे केवळ निमित्त, अशी त्यांची मांडणी आहे. येथे मात्र आमचे पाऊल अडखळते. पहाटे भिजवलेला कोंडा घेऊन सोन्यापुढे उभे राहिले असता, आपण हे मानवजातीसाठी करीत आहोत असे काही वाटत नाही. भूक त्याची आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ याबाबत अधिक उदार आहे. प्राणी ही देवाची लेकरे नसली तरी त्याची निर्मिती आहे, त्यांच्या नुसत्या असण्यानेही त्याचा गौरव होतो व म्हणून आपण त्यांचे दयाळूपणाचे देणे लागतो, असा त्या शिकवणीचा आशय आहे.

येथे लेख संपवता आला असता आणि आम्ही स्वतःवर बरेच खूश झालो असतो. परंतु त्याच ग्रंथात, त्याच प्रकरणात, लगेच पुढे दुसरी बाजू आहे. जनावरांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, तसेच जो पैसा आधी माणसांच्या दुःखनिवारणासाठी जायला हवा तो जनावरांवर उधळणेही शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावे. पण जी माया केवळ माणसांचा हक्क आहे ती त्यांच्याकडे वळवू नये. हे वाक्य ज्या दिवशी आम्ही लक्षपूर्वक वाचले त्या दिवशी आमची झोप उडाली. त्याचे कारण आमच्या घरातच होते.

आमच्या वडिलांची धाकटी बहीण, आमची आत्या, आमच्याकडे असते. लग्न केले नाही. आयुष्यभर या वाडीत राबली. बिजलीची लीद तिने काढली, केळीची पिले तिने लावली, आम्हा भावंडांना न्हाऊमाखू तिने घातले. आज तिने ऐंशी ओलांडली आहे. पाठीचा कणा वाकल्यामुळे ती चालताना जमिनीकडेच पाहत असते. गेल्या आठ वर्षांत तिला सरळ उभे राहता आलेले नाही. तिची खोली मागील पडवीला लागून आहे.

एके दिवशी सकाळी, सोन्याची चंदी, राणीचा खरारा, कुत्र्यांची भाकरी असे सर्व आटोपून आम्ही आत्याच्या खोलीत चहा घेऊन गेलो. सात वाजून गेले होते. ती खाटेच्या कडेवर बसलेली होती आणि मोती तिच्या पायांशी होता. रात्री ठेवलेला पाण्याचा तांब्या रिकामा होता. आम्ही म्हटले, “आत्या, हाक मारायचीस की.” ती मोतीच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, “हाक मारली होती. तुम्ही तबेल्यात होता. फळीचा आवाज मोठा असतो रे, त्याच्यापुढे माझा कुठे ऐकू येणार?” आवाजात तक्रार नव्हती. थोड्या वेळाने तिने जोडले, “हा मोती येऊन बसतो. या घरात मला वेळ देतो तो हाच.”

आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. घोड्याचे पाणी पाच वाजता आणि आत्याचे सात वाजता, हा क्रम कोणी ठरवला होता? कोणीच नाही. तो आपोआप पडला होता. घोड्यावर प्रेम करणे सोपे असते. तो तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत नाही, औषध घ्यायला नकार देत नाही, जुने अपमान उकरून काढीत नाही. त्याच्या म्हातारपणात आपले उद्याचे म्हातारपण दिसत नाही. माणसाच्या म्हातारपणात ते दिसते आणि म्हणून आपण तबेल्यात जरा जास्तच वेळ रमतो. पशूंवरील माया कधी कधी माणसांपासून पळण्याची पळवाट होते. ज्या दलालाला आम्ही ताठ मानेने परत पाठवले, त्याचाच हिशेब दुसऱ्या दाराने आमच्या घरात शिरला होता.

मग सोन्याला विकून टाकावे काय? शेजारच्या एका गृहस्थांनी आम्हाला हेच सुचवले. ते म्हणाले, “तुमच्या घोड्याच्या हरभऱ्यात पाड्यावरच्या दोन पोरांचे जेवण होईल.” प्रश्न रास्त होता आणि आम्ही तो टाळला नाही. महिन्याचा खर्च कागदावर मांडला. पण मांडताना असे लक्षात आले की, सोन्याच्या चंदीआधी त्या कागदावर पुष्कळ गोष्टी खोडता येण्यासारख्या आहेत. गतवर्षी मुलीच्या बारशाला केलेली रोषणाई होती. न वापरलेला दुसरा दूरदर्शन संच होता. भुकेल्या पोरांची आठवण आपल्याला म्हाताऱ्या घोड्याची गव्हाण पाहूनच व्हावी आणि रोषणाई पाहून होऊ नये, यात काहीतरी गफलत आहे. शिवाय सोन्याला दिलेली वैरण ही उधळपट्टी नव्हे. अठरा वर्षे त्याने गाडी ओढली. ती त्याची थकलेली मजुरी आहे. एक देणे फेडण्यासाठी दुसरे बुडवावे, असे प्रभूने कोठे शिकवले नाही.

प्रभूने काय शिकवले ते लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. अठरा वर्षे कंबरेत वाकलेली, सरळ उभी न राहू शकणारी एक स्त्री सभास्थानात होती. शब्बाथाच्या दिवशी येशूने तिला बरे केले तेव्हा सभास्थानाचा अधिकारी रागावला. येशूने त्यांना विचारले की, तुम्ही शब्बाथ असतानाही आपला बैल किंवा गाढव दावणीचे सोडून पाण्यावर नेता ना? मग अब्राहामाच्या या लेकीला बंधनातून सोडवायला नको होते काय? हा उतारा आम्ही शेकडो वेळा ऐकला असेल. घरातील तो तांब्या पाहिल्यानंतर मात्र तो आम्हाला नव्याने वाचावा लागला. येशूने जनावराला पाणी पाजणे चूक ठरवले नाही. उलट ते सर्वमान्य सत्कृत्य धरून त्यावरच त्याने आपला मुद्दा उभारला. ज्या हाताने दावे सोडतोस त्याच हाताने पुढे जा, तेथेच थांबू नकोस, असे त्याचे सांगणे दिसते. गव्हाण ही पहिली पायरी आहे. तीवरच बसकण मारली तर तो आपला दोष, पायरीचा नव्हे.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक साधा बदल झाला. पाच वाजता टापेचा आवाज झाला की आमच्यापैकी एकजण तबेल्याकडे जातो आणि दुसरा आधी आत्याच्या खोलीत. तांब्या भरतो, तिला उठवून बसवतो, तिचे म्हणणे ऐकतो. तीच ती गोष्ट पुन्हा असली तरी ऐकतो. निदान ऐकण्याचा प्रयत्न करतो. सर्व दिवस सारखे जात नाहीत. कधी चिडचिड होते. पण सोन्याचा आवाज आता आत्याच्या हाकेच्या आड येत नाही. तोच आम्हाला तिच्याकडे जाण्याची आठवण देतो.

शेवटी एक अवघड गोष्ट राहते. सोन्या फार काळ राहणार नाही. पशुवैद्यांनी आम्हाला सांगून ठेवले आहे की, पोटशूळ उठला आणि उपाय चालेनासा झाला, तर यातना लांबवण्यात दया नाही. सुई देऊन त्याला शांतपणे जाऊ द्यावे. आम्ही ते मान्य केले आहे. माणसाच्या बाबतीत हा मार्ग आपल्याला खुला नाही. माणसाचे आयुष्य आपल्या हाती दिलेले नाही, त्याचे दुखणे मात्र शेवटच्या श्वासापर्यंत वाटून घ्यायला दिलेले आहे. पशू आणि माणूस यांच्यातील हा फरक पुसून टाकण्याइतके आम्ही भाबडे नाही. परंतु दोघांच्याही शेवटच्या वेळी आपण हजर असावे, पाठ फिरवून टेम्पोचे दार लावून घेऊ नये, एवढे तरी बिजलीने आम्हाला शिकवले आहे.

आत्याला हे सर्व आम्ही सांगितले तेव्हा ती खिडकीतून तबेल्याकडे पाहण्यासाठी मान वळवू लागली. कण्यामुळे ती मान पुरती वळत नाही. आम्ही खाट थोडी फिरवून दिली. आता तिला तेथून सोन्या दिसतो. सकाळी ती आपल्या भाकरीचा एक तुकडा मोतीला देते, दुसरा आमच्या हाती देऊन म्हणते, “हा त्याला नेऊन दे. भिजवून दे हो, त्याला पण दात नाहीत.”